दूषित जागेची माती किती साफ करायची? विहीर वाचवायची असेल तर या चुका टाळा

क्रोम-प्लेटिंगची जुनी शेड पाडली, टाक्या भंगारात गेल्या. मालक काठावर उभा राहून विचारतो, "किती फूट खणायचं तेवढं सांगा की हो." बेळगाव भागात हा प्रश्न नेहमी पहिला येतो. फुटांचा हिशेब मात्र शेवटी लागतो. आधी ठरवावं लागतं की मातीत किती क्रोमियम राहिलं तरी शेजारच्या विहिरीला धक्का लागणार नाही.

इथे दुसऱ्या जागेच्या रिपोर्टातला 'सुरक्षित माती'चा आकडा उचलतात. तो बहुतेक वेळा माती हाताला लागली, पोटात गेली, या धोक्यावरून काढलेला असतो. पावसाचं पाणी त्याच मातीतून झिरपून विहिरीत उतरण्याचा हिशेब वेगळा असतो.

तो हिशेब विहिरीपासून मागे मांडायचा. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या १९९६ च्या मार्गदर्शिकेत डीएएफ २० धरतात, म्हणजे झिरपा भूजलात मिसळून वीसपट पातळ होतो. त्या हिशेबाने झिरप्यात लिटरला १ मिलिग्रॅम चालेल. माती पदार्थ किती धरून ठेवते हे केडी सांगतो. त्याच मार्गदर्शिकेत हेक्साव्हॅलंट क्रोमियमचा, म्हणजे क्रोमियमच्या विषारी, पाण्याबरोबर वाहणाऱ्या रूपाचा, केडी सामू ६.८ ला १९, तर सामू ८ ला १४ आहे. त्यात मातीतल्या ओलाव्याचे ०.२ मिळवून झिरप्यातल्या १ ने गुणलं की मातीत चालेल अशी मर्यादा किलोला १९.२ किंवा १४.२ मिलिग्रॅम येते.

म्हणून सामू न मोजता केडी लिहू नका. खानापूरकडची जांभ्याची माती आम्लधर्मी आणि लोहाने भरलेली, ती हे क्रोमियम जास्त धरते. चिकोडी-अथणीकडची काळी अल्कधर्मी, ती कमी धरते. शिसं, कॅडमियम यांचं नेमकं उलटं. जिल्हा एक म्हणून आकडाही एक, असं होत नाही.

सगळ्यात महाग पडते ती २० ची चूक. हा आकडा साधारण अर्ध्या एकरापर्यंतच्या, म्हणजे वीस गुंठ्यांच्या जागेसाठी आहे. भेगाळ खडक किंवा उथळ भूजल असेल तर डीएएफ १ धरा, असं तीच मार्गदर्शिका सांगते. आपल्याकडे मुरमाखाली फुटलेला काळा कातळ, त्यात पावसाळा संपताना विहिरीचं पाणी वर आलेलं. डीएएफ १ धरला की काळ्या मातीतला १४.२ थेट ०.७१ वर येतो. मालकाचा चेहरा उतरतो, पण २० चा आधार त्या जागेत नसतो.

नमुना घेतानाची चूक माझ्या हातूनही झाली आहे. मे महिना, काळ्या रानाला भेगा पडलेल्या, एका भेगेत हात कोपरापर्यंत गेला. मी मधलं ढेकूळ फोडून नमुना भरला, रिपोर्ट स्वच्छ आला. पुढे खड्डा उघडला तेव्हा पिवळसर डाग भेगेच्या भिंतीला होता, ढेकळाच्या पोटात काहीच नव्हतं. पहिल्या पावसाचं पाणी त्याच वाटेने खाली जातं. तेव्हापासून भेगेलगतची माती वेगळ्या पिशवीत, ढेकळाची वेगळ्या पिशवीत. दोन्हीची मिसळ करून सरासरी काढली की घाण लपते.

लॅबला माती देतानाही नीट सांगा. फक्त 'क्रोमियम' लिहिलंत तर एकूण क्रोमियम मोजून मिळेल, आणि बेसाल्टच्या मातीत ते मुळातच असतं, बहुतेक निरुपद्रवी रूपात. हेक्साव्हॅलंट वेगळं मागा. 'बीडीएल', म्हणजे मोजण्याच्या मर्यादेखाली, वाचून हुश्श करू नका. लॅबची मोजण्याची मर्यादाच किलोला ५ मिलिग्रॅम असेल, तर ०.७१ च्या हिशेबात त्या शब्दाला काय अर्थ? आकडा कोरड्या वजनावर आहे का, हेही पाहा. ओली काळी माती तोलली की तो खोटाच कमी दिसतो.

मातीतून पाण्यात किती उतरतं हे पाहायची चाचणी कोणती मागायची, टीसीएलपी की एसपीएलपी? टीसीएलपीत ॲसेटिक आम्ल वापरतात, ती कचरा डेपोची नक्कल. उघड्या जागेवर पाऊस झिरपतो, तिथे एसपीएलपी मागा. त्यात मातीच्या वीसपट पाणी असतं, म्हणून त्या निकालावर वर पुन्हा २० चा डीएएफ लावताना हात आखडता घ्या.

माती काढून झाली की खड्ड्याच्या तळाचे आणि चारी भिंतींचे नमुने घेतल्याशिवाय भराव टाकू देऊ नका. विहिरीचं पाणी मे आणि सप्टेंबर, दोन्ही महिन्यांत तपासा.