दोन पॉलिमरमधला हायड्रोजन बाँड एफटीआयआरवर कसा पकडायचा

दोन पॉलिमरच्या ब्लेंडची (मिश्रणाची) फिल्म पारदर्शक निघाली की बरेच जण लगेच मिसेबल, म्हणजे एकजीव मिसळलेलं, म्हणून मोकळे होतात, पण दोघांचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स जवळपास सारखा असला तरी फिल्म पारदर्शकच दिसते. डीएससीवर (सॅम्पल तापवताना उष्णता मोजणारं यंत्र) एकच टीजी (कडक पॉलिमर मऊ व्हायला लागतो ते तापमान) आला तर ते जास्त भरवशाचं, पण साखळ्यांनी एकमेकींना कुठे धरलंय हे त्यातूनही कळत नाही, त्यासाठी आयआरच, म्हणजे एफटीआयआर मशीनवर काढलेला इन्फ्रारेड स्पेक्ट्रमच लागतो.

उदाहरणाला पीएमएमए (पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेट, अॅक्रिलिक) आणि पॉली-व्हिनाइलफिनॉल घेऊया, म्हणजे पीव्हीपीएच. पीएमएमएकडे एस्टरचा कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजन डबल बाँड) आहे, पीव्हीपीएचकडे ओएच. सुट्या कार्बोनिलचा पीक १७३० च्या आसपास येतो (सगळे आकडे वेव्हनंबरमधे, सेंटीमीटर इन्व्हर्स). ओएचने त्याला धरलं की सी-ओ डबल बाँड थोडा ढिला होतो आणि १७०५ च्या जवळ खांदा (पीकच्या कडेला फुगवटा) दिसायला लागतो, पीव्हीपीएच वाढवत नेलं की तो खांदा वाढत जातो. हीच मुख्य खूण.

ओएचच्या बाजूला नवीन मुलं गोंधळतात. नुसत्या पीव्हीपीएचमधे ३३६० ला रुंद पट्टा असतो, तो ओएच-ओएच आपापसात बांधलेल्यांचा, आणि ३५२५ ला छोटा खांदा, तो मोकळ्या ओएचचा. पीएमएमए घातल्यावर हा रुंद पट्टा वर सरकतो, साधारण ३४४० कडे, आणि मग वाटतं की अरे बाँड तुटले की काय, तर तसं नाही, ओएच-एस्टर हा बाँड ओएच-ओएचपेक्षा कमकुवत आहे म्हणून पट्टा वर जातो. हेच पीव्हीपीएच पीईओमधे (पॉलिइथिलीन ऑक्साइड, इथर असलेला पॉलिमर) मिसळा, पट्टा खाली ३२०० कडे येईल कारण इथरचा ऑक्सिजन ओएचला जास्त घट्ट धरतो. म्हणजे पट्टा किती सरकला यावरून बाँडची ताकद ताडता येते. पण किती टक्के ओएच बांधलेत हे या पट्ट्यावरून काढू नका, बाँड जितका घट्ट तितकं ओएचचं शोषण वाढतं, त्यामुळे मोकळे ओएच आहेत त्यापेक्षा खूप कमी दिसतात. टक्के काढायचे ते कार्बोनिलवरूनच.

आता फिल्म. खरी मेहनत इथेच आहे. दोन्ही पॉलिमर वेगवेगळे विरघळवा, एक-दोन टक्क्यांचं सोल्युशन पुरतं, मग पाहिजे त्या प्रमाणात एकत्र करून चांगलं ढवळा आणि खिडकीवर (आयआर आरपार जाऊ देणारी चकती) थेंब टाकून हळूहळू उडू द्या. सॉल्व्हंट कुठला हा प्रश्न या जोडीत फार नाजूक आहे. टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) सगळ्यांच्या हाताशी असतं, पण त्याचा ऑक्सिजन स्वतःच फिनॉलला धरून बसतो आणि त्यातून काढलेल्या फिल्ममधे दोन फेज वेगळ्या पडलेल्या सापडतात, एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) वापरलं तर हीच जोडी नीट मिसळते. पण एमईके हा कीटोन, त्याचा स्वतःचा कार्बोनिल १७१५ च्या आसपास, म्हणजे बरोब्बर तुमच्या बांधलेल्या पीकच्या डोक्यावर! थोडं जरी उरलं तरी बाँडिंग जास्त दिसणार. म्हणून व्हॅक्यूम ओव्हनमधे आधी ६०-७० अंशांवर आणि मग टप्प्याटप्प्याने ११०-१२० पर्यंत न्या, मधेमधे त्याच फिल्मचा स्पेक्ट्रम काढून आधीच्यावर ठेवून बघा, दोन स्पेक्ट्रम तंतोतंत बसेपर्यंत वाळवत राहा.

जाडीही सांभाळा. कार्बोनिल जबरदस्त शोषतो, अॅबसॉर्बन्स ०.६ च्या खाली राहील इतकी पातळ फिल्म हवी, पीकचं डोकं सपाट झालेलं असेल तर त्यावर फिटिंग (सॉफ्टवेअरने सुटा आणि बांधलेला पीक वेगळे काढणं) करण्यात काही अर्थ नाही.

पाण्याचं बघा, विशेषतः मुंबई-कोकणात पावसाळ्यात. पाण्याचा रुंद पट्टा ३४०० ला, म्हणजे ओएचच्या अंगावरच, पण त्याची दुसरी खूण १६४० ला असते, तिथे उंचवटा दिसला की सॅम्पल परत ओव्हनमधे. केबीआरच्या (पोटॅशियम ब्रोमाइड) चकत्या दमट हवेत धुरकट होतात, शक्य असेल तर कॅल्शियम फ्लोराइडची खिडकी घ्या, ती पाण्याला दाद देत नाही आणि कार्बोनिल-ओएच दोन्ही भाग तिच्यातून आरामात दिसतात. मशीनमधे कोरडा नायट्रोजन सोडून ठेवा, नाहीतर वाफेच्या बारीक रेषा कार्बोनिलवर येऊन बसतात. रेझोल्यूशन २, स्कॅन ६४, एवढं पुरे.

फिटिंगला बसण्याआधी दोन्ही शुद्ध पॉलिमरचे स्पेक्ट्रम त्याच दिवशी त्याच सेटिंगवर काढलेले असू द्या. सुट्या पीकची जागा आणि रुंदी शुद्ध पीएमएमएवरून घ्या आणि ती फार हलू देऊ नका, सॉफ्टवेअरला मोकळं सोडलं तर ते चार पीक टाकूनही सुंदर फिट देतं, त्याला अर्थ नसतो. इथे दोनच हवेत. मग दोघांचं क्षेत्रफळ घ्या, पण सरळ भागाकार करू नका, बांधलेला कार्बोनिल सुट्यापेक्षा जास्त शोषतो, फिनॉल-एस्टरसाठी हे गुणोत्तर १.५ धरतात. समजा बांधलेल्याचं क्षेत्रफळ ०.९ आणि सुट्याचं ०.६ आलं, तर ०.९ ला १.५ ने भागून ०.६, म्हणजे निम्मे कार्बोनिल बांधलेले, ५० टक्के. न भागता केलं असतं तर ६० टक्के आलं असतं.

एटीआरवर (सॅम्पल स्फटिकावर दाबून पृष्ठभागाचा स्पेक्ट्रम काढतात) झटपट बघायला हरकत नाही, पण तिथे पीक थोडे खाली सरकतात, त्यामुळे एटीआरचा ब्लेंड आणि ट्रान्समिशनचा (किरण फिल्ममधून आरपार सोडून काढलेला) शुद्ध पॉलिमर अशी तुलना अजिबात नको.

हॉट स्टेज (मशीनमधेच सॅम्पल तापवायची सोय) मिळत असेल तर जरूर वापरा. तापवत गेलं की १७०५ चा खांदा उतरतो, १७३० चढतो. मग थंड करून परत स्पेक्ट्रम घ्या, खांदा परत आला तर तो हायड्रोजन बाँडच, नाही आला तर आधी सॉल्व्हंट उरलं होतं का, किंवा तापवताना सॅम्पल खराब झालं का ते तपासा आणि तोवर टक्क्यांचा आकडा कुणाला देऊ नका.