रिमोटवरचा ट्रक वळत नाही? आधी सर्व्हो सेव्हर बघा

माझा १/१० आकाराचा रिमोट कंट्रोलवरचा फोर-व्हील ट्रक नागपुरात मानकापूरकडच्या एका मोकळ्या मैदानात नेहमी वळणाबाहेर जायचा. मी आधी टायर बदलले, पैसे गेले, फरक शून्य. दोष सर्व्हो सेव्हरमध्ये होता. सर्व्हो म्हणजे चाकं वळवणारी छोटी मोटर, आणि सेव्हर म्हणजे तिला धक्क्यापासून वाचवणारा स्प्रिंगचा जोड.

तपासायची रीत सोपी आहे. ट्रक जमिनीवर ठेवा, पुढचं एक चाक हाताने घट्ट धरा आणि स्टिअरिंग पूर्ण फिरवा. सर्व्होचा हॉर्न (त्याच्या टोकाचा छोटा दांडा) फिरला पण चाक जागचं हललं नाही, तर सेव्हरची स्प्रिंग ढिली आहे. अर्धा-अर्धा आटा कसत जा. पूर्ण मात्र आवळू नका भाऊ, दगडावर आपटल्यावर सर्व्होचे दाते वाचवतो तो हाच.

मग चाक बोटांनी डावी-उजवीकडे हलवा. खडखड जाणवली तर बेलक्रँकचे, म्हणजे सर्व्होची हालचाल चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्यांचे, बुश झिजलेत. आपल्याकडची मुरमाची बारीक धूळ त्यात शिरते आणि कानशीसारखी घासते. मी तिथे बेअरिंग बसवले, आणि ट्रक सरळ रेषेत भटकायचा थांबला.

पुढची चाकं समोरून किंचित बाहेर, साधारण १ अंश, ठेवली की वळणात तोंड लवकर घालतो. त्याहून जास्त केलं तर सरळ रस्त्यावर अस्थिर होतो.

मे महिन्यात नागपूरच्या ४५ अंशांत शॉक अॅब्सॉर्बरमधलं सिलिकॉन तेल पातळ पडतं, ट्रक डुलतो. उन्हाळ्यात मी नेहमीपेक्षा एक नंबर जास्त घट्ट तेल भरतो. एका वेळी एकच बदल करा, अन् वहीत लिहा.