सप्लिमेंट आणि औषधं घेताना खेळाडूंनी या चुका टाळा

खोकला झाला, मेडिकलवाल्यानं बाटली हातात दिली, दोन झाकणं घेऊन पोरगं झोपलं. सामना दोन दिवसांवर. मुंबईच्या पृथ्वी शॉचं प्रकरण आठवा. फेब्रुवारी २०१९ मध्ये उत्तेजक चाचणीसाठी घेतलेल्या त्याच्या लघवीच्या नमुन्यात टर्ब्युटालिन हे बंदी असलेलं औषध सापडलं. खोकल्याच्या बऱ्याच सिरपमध्ये ते असतं. त्यानं ते मुद्दाम घेतलं नव्हतं हे क्रिकेट बोर्डानं मान्य केलं, तरी आठ महिन्यांची बंदी बसलीच. नमुन्यात जे सापडेल त्याला खेळाडू जबाबदार, असा सरळ नियम आहे. म्हणून डॉक्टरांसमोर बसलात की आधी सांगा, ‘मी स्पर्धेत खेळतो.’ बंदी असलेलं औषध खरोखरच गरजेचं असेल, तर उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज करता येतो.

सलाईनबद्दल मात्र तालमीत कुणी बोलत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. पैलवान वजन उतरवायला पाणी तोडतो, जाड कपडे घालून पळतो. वजन झालं की जवळच्या दवाखान्यात जाऊन ‘ताकदीची बाटली’ लावून घेतो. १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त काहीही शिरेतून घ्यायला बंदी आहे, मग आत नुसतं ग्लुकोज का असेना. सूट आहे ती रुग्णालयातले खरे उपचार, शस्त्रक्रिया आणि तपासण्यांना. नेहमीची बाटलीच ५०० मिलिलिटरची असते, आता हिशोब करा. वजन उतरवायला घेतलेली लघवीची गोळीही बंदीच्या यादीत आहे, स्पर्धा असो वा नसो. वजन झाल्यावर ओआरएस घोटघोट प्या, ताक-भात खा.

आता सप्लिमेंटचे डबे. मध्यंतरी एका मुलानं माझ्यापुढे प्री-वर्कआउटचा, म्हणजे व्यायामाआधी घ्यायच्या पावडरचा डबा ठेवला. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ असं लिहून खाली दहा नावं आणि वजन सगळ्यांचं मिळून एकच. कुठला घटक किती, पत्ता नाही. बॅच नंबरवर दुसरं स्टिकर चिकटवलेलं. ‘पण सर, एफएसएसएआयचा नंबर आहे की!’ बाळा, तो १४ आकडी नंबर अन्नाच्या परवान्याचा. आत उत्तेजक नाही असं तो सांगत नाही. घ्यायचंच असेल तर बंदी असलेल्या पदार्थांसाठी सप्लिमेंट तपासणाऱ्या इन्फॉर्म्ड स्पोर्टसारख्यांकडून बॅचनिहाय तपासणी झालेलं घ्या आणि डब्यावरचा बॅच नंबर त्यांच्या साइटवर स्वतः जुळवून पाहा. तरीही शंभर टक्के हमी कुणाचीच नाही. ‘आयुर्वेदिक आहे’ म्हणून सुटका होत नाही.

भरतीच्या मैदानाभोवती दम वाढवायचं म्हणून मेफेंटरमिनचं इंजेक्शन फिरतं. ते शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब वर आणायचं औषध आहे. ते टोचून पळणं हा थेट हृदयावर घाला आहे. थोडं घेतलं तर चालेल का, हे विचारूसुद्धा नका.

जीवनसत्त्वांच्या चुका साध्या, पण रोजच्या. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी बहुधा आठवड्याला एक असते. काहीजण ती रोज घेतात, मग रक्तातलं कॅल्शियम वाढून मळमळ सुरू होते, मूत्रपिंडावर ताण येतो. लोहाची गोळी चहासोबत घेतली तर अंगी फारशी लागत नाही, लिंबूपाण्यासोबत घ्या. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. दम लागतो म्हणून आपल्या मनानं लोह सुरू करू नका, आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. शाकाहारी असाल तर बी १२ सुद्धा.

आणि संशयास्पद काही घेऊन बसला असाल तर? लगेच थांबा, पण डबा फेकू नका. बिल, डबा, बॅच नंबरचा फोटो, सगळं जपून ठेवा. नमुना देताना फॉर्मवर मागच्या सात दिवसांत घेतलेली औषधं आणि सप्लिमेंट लिहायची जागा असते. तिथं लाजू नका. पावडर, गोळ्या, पुडी आणि ती खोकल्याची दोन झाकणंसुद्धा लिहा.