सपाट चपला-बूट घेताना या चुका टाळा : नंबर जुळतो, पाय जुळत नाही

"ताई, दोन दिवस वापरा, आपोआप सैल होईल." साताऱ्यात राजपथावर जा नाहीतर पोवई नाक्याला, चपलेच्या दुकानात हे वाक्य कानावर पडतंच. मीही ते ऐकून काळी बेली (पुढून बंद, सपाट बूट) घेतली होती. शाळेत दिवसभर उभं राहायचं, म्हणून मुद्दाम सपाट. दोन महिने झाले तरी ती सैल झाली नाही. माझ्या करंगळीवर मात्र कुरूप झालं, आणि सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टेकवलं की टाचेत सुई टोचल्यासारखी कळ यायची.

तेव्हापासून ओळखीतलं कुणी चप्पल घ्यायला निघालं की मी त्यांना आधी थांबवते.

चूक : नंबर सांगून चप्पल मागणं

नंबर फक्त लांबी सांगतो. पाय किती रुंद आहे, चवडा कसा पसरतो, हे त्यात कुठेच नसतं. आपल्याकडे लहानपणी अनवाणी किंवा चपलेवर वाढलेल्यांचे चवडे बऱ्याचदा रुंद असतात, आणि बेलीचा पुढचा भाग निमुळता. मग बोटं दाबतात म्हणून आपण एक नंबर मोठा घेतो. एका नंबराने लांबी साधारण ८.५ मिलिमीटर वाढते, रुंदी त्या मानाने थोडीच. टाच सैल पडते, प्रत्येक पावलाला पाय पुढे घसरतो आणि बोटं पुन्हा तिथेच जाऊन चेपतात.

याला एक साधा उपाय आहे. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर उभं राहा, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन. पेन्सिल सरळ धरून दुसऱ्या कुणाला तरी पायाची कड आखायला सांगा. बसून आखू नका, भार पडला की पाय पसरतो. दोन्ही पाय आखा, कारण बहुतेकांचा एक पाय थोडा मोठा असतो आणि चप्पल त्या पायाच्या मापाने घ्यायची असते. आकार कापून दुकानात न्या आणि बुटात सरकवा. कागदाच्या कडा वर वळल्या तर तो जोड तुमचा नाही. सर्वांत लांब बोटापुढे (काहींचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं) साधारण एक सेंटीमीटर जागा हवी.

खरेदीला संध्याकाळी जा. दिवसभराच्या चालण्याने पाय थोडे सुजलेले असतात, ते माप खरं.

चूक : सपाट म्हणजे आरामाचं, असं समजणं

मी इथेच फसले. टाचेपासून चवड्यापर्यंत तळव्याखाली एक जाड पट्टा असतो, तो पायाची कमान धरून ठेवतो. पातळ, कागदासारख्या सोलवर तासन्‌तास उभं राहिलं की त्यावर ताण येतो आणि टाच दुखू लागते. अगदी शून्य उंचीपेक्षा टाचेला दीड-दोन सेंटीमीटर उंची आणि खाली गादी असलेलं पायताण बऱ्याच जणांना सोसतं.

दुकानात बूट हातात घेऊन वाकवा. तो बोटं जिथे वाकतात तिथे वाकायला हवा. मधोमध घडी पडत असेल किंवा ओल्या फडक्यासारखा पिळला जात असेल तर परत ठेवा, किंमत कितीही कमी असली तरी.

आपला पाय कोणता?

पाय ओला करून कोरड्या शहाबादी फरशीवर उमटवा. सगळा तळवा उमटला तर कमान सपाट. अशांनी टाचेभोवतीचा भाग कडक आणि सोल न पिळणारा असा बूट बघावा. टाचा उचलून चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान दिसत असेल आणि दुखणं नसेल, तर सहसा काळजीचं कारण नाही. टाच आणि चवडा यांच्यामध्ये अगदी बारीक पट्टी उमटली किंवा काहीच उमटलं नाही, तर कमान उंच. त्यांचा भार टाच आणि चवड्यावरच येतो, म्हणून त्यांना मऊ गादी हवी. अंगठ्याच्या बुडाशी हाड बाहेर आलं असेल तर पुढून गोल किंवा चौकोनी, मऊ आणि त्या जागी शिवण नसलेलं पायताण घ्या. पट्टा कमी-जास्त करता आला तर उत्तम.

मधुमेह असेल तर इतकं पुरत नाही. पायाची संवेदना कमी झाली की चप्पल चावतेय हेच कळत नाही, आणि फोडाची जखम होते. घालण्याआधी रोज आत हात फिरवून खडा आहे का पाहा, रात्री तळवे तपासा आणि पायताण डॉक्टरांना विचारूनच घ्या.

कोल्हापुरीचं काय?

ती आपलीच आहे. २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात कोल्हापूरबरोबर सातारा, सांगली आणि सोलापूरही आहेत, शिवाय कर्नाटकातले चार जिल्हे. अस्सल चामडं हळूहळू पायाचा आकार घेतं, त्यामुळे "सैल होईल" हे तिच्याबाबतीत थोडं खरं आहे. पण फक्त रुंदीत. लांबी वाढत नाही. रेक्झिनच्या चपलेबाबत तर ही आशाच सोडा. टाच दुखत असेल तर कोल्हापुरी समारंभापुरती ठेवा, तिचा तळ कडक आणि सपाट असतो.

घेतलेली चप्पल चावते आहे?

कुठे चावते ते बघा. टाचेच्या वर घासत असेल तर टाच सैल आहे, आतून पॅड लावून बघा. करंगळीला लागत असेल तर रुंदी कमी आहे. चामडं असेल तर दुरुस्ती करणाऱ्या काकांकडे साच्यावर ताणून मिळतं. चवड्याखाली जळजळ म्हणजे सोल पातळ. अंगठ्याचं नख काळं पडत असेल तर पाय पुढे सरकतो आहे. अजिंक्यतारा चढताना हे कळत नाही, उतरताना कळतं. म्हणून दुकानात दोन्ही पायांत घालून जिना उतरून बघा. गालिच्यावर दोन पावलं टाकून काही समजत नाही.

आणि पावसात भिजलेले चामड्याचे बूट चुलीजवळ किंवा हीटरपुढे वाळवू नका. चामडं कडक होऊन आक्रसतं, आणि मापात बसणारा जोडही चावू लागतो. आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, ओले झाले की बदला आणि सावलीत राहू द्या.