गोष्टीचे घटक कसे ओळखावेत?

मी दापोली तालुक्यात आठवीला मराठी शिकवते. कथानक, संघर्ष, निवेदक यांच्या व्याख्या मुलं घडाघडा म्हणतात. गोष्ट समोर ठेवली की गप्प. म्हणून व्याख्या शेवटी घ्या.

आधी छोटी गोष्ट सांगा. हर्णै बंदर, जुलै महिना, मासेमारी बंद. आजीच्या औषधाला पैसे नाहीत. थोरला दादा म्हणतो, 'रात्री गुपचूप होडी काढू.' धाकट्या यशला दर्याची भीती वाटते.

आता विचारा: हेच जानेवारीत घडलं तर? किनाऱ्यावरची मुलं लगेच सांगतात, यांत्रिक होड्यांना बंदी १ जून ते ३१ जुलै असते, मग जानेवारीत अडचण कसली? स्थळ-काळ ही सजावट नाही, संघर्ष त्यातूनच उभा राहतो, हे तिथंच कळतं. संघर्षही दोन: बाहेर खवळलेला दर्या, आत यशचं मन. उत्तरपत्रिकेत आतला संघर्ष हमखास राहून जातो, आणि मला तर तोच मोलाचा वाटतो.

'होडी निघाली, आजी आजारी होती' हा नुसता क्रम. 'आजीसाठी होडी निघाली' हे कथानक.

निवेदकासाठी तीच गोष्ट यशच्या तोंडून 'मी' वापरून लिहायला लावा, मग आजीच्या. आजीला होडीचं ठाऊकच नाही. तिच्या गोष्टीत ती रात्र साधी जाते. लेखक आणि निवेदक वेगळे, हे असं पटतं.

अलंकार पटकन होतात. 'लाट डोंगरासारखी उठली' ही उपमा, कारण 'सारखी' आहे. 'दर्या दातओठ खात होता' ही चेतनगुणोक्ती, कारण निर्जीव दर्या माणसासारखा वागतो.

गृहपाठाला दादाची बाजू द्या.