समुद्रकाठचं आख्खं घर घेताय? या चुका टाळा

दापोलीजवळ मुरुड-कर्देला किंवा गुहागरला आख्खं घर भाड्याने घ्यायचं आणि घरचंच रांधायचं, हा लहान मुलं आणि आजी-आजोबा सोबत असताना सगळ्यात सोयीचा बेत. तो फसतो बहुधा पाण्यापायी. बुकिंगच्या वेळी एसी, खोल्या, किनाऱ्याचं अंतर सगळं विचारलं जातं. विहिरीचं पाणी गोडं की मचूळ, हे राहूनच जातं.

किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. एप्रिल-मेमध्ये गोड्याचा थर पातळ होतो, त्यात पंपाचा उपसा वाढतो आणि खारं वर चढतं. अशा पाण्यात तूरडाळ पाच शिट्ट्यांनंतरही बोटांत कचकचते, कारण त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम दाणा मऊ होऊ देत नाही. आणखी शिट्ट्या काढून फक्त गॅस जातो. डाळ तासभर जारच्या पाण्यात भिजवा आणि जारच्याच पाण्यात शिजवा. जार नसेल तर वाटीभर डाळीला चिमूटभर खाण्याचा सोडा पुरतो. आमसुलं डाळ शिजल्यावरच घाला. आंबट आधी पडलं की डाळ ताठरते. पिण्या-रांधण्याला माणशी रोज 4 लिटर धरा. आठ माणसं, तीन दिवस म्हणजे 96 लिटर, 20 लिटरचे पाच जार. पोचायच्या आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

दुसरी चूक टाकी रिकामी होईपर्यंत थांबण्याची. समुद्रावरून आल्यावर सगळ्यांच्या आंघोळी एकदम होतात आणि नेमकी तेव्हाच लाइट गेलेली असते. घरच्या इन्व्हर्टरवर पंखे-दिवे चालतात. पंप, गिझर, मिक्सर नाही. म्हणून टाकी सकाळीच भरा, वाटणही लाइट असतानाच करून ठेवा. विहिरीवरचा पंप फिरतोय पण पाणी चढत नाही, असं झालं तर तो लगेच बंद करा. खालचा फूटव्हॉल्व्ह (विहिरीतल्या नळीच्या टोकाची झडप) कचऱ्याने अडकून नळीतलं पाणी उतरलेलं असतं. कोरडा चालवलात तर सील जळतं. वरचा बूच काढून पाणी भरणं राखणदाराला ठाऊक असतं, त्याला हाक मारा.

अंगावरची वाळू अंगणातच बादलीने धुवा. न्हाणीघराची जाळी एकदा वाळूने बसली की पाणी तुंबतंच.

शेगडीची ज्योत पिवळी होऊन भांडी काळी पडत असतील तर खाऱ्या हवेच्या गंजाने बर्नरची भोकं बुजलेली असतात. बर्नर थंड झाल्यावर काढा, टाचणीने भोकं मोकळी करा, कोरड्या फडक्याने पुसून बसवा.

मासळी हर्णै बंदरावरून घ्या, पण एका वेळेपुरतीच. लाइट जा-ये करत असताना फ्रिजवर विसंबू नका. कल्ले लालभडक हवेत आणि बोटाने दाबल्यावर खड्डा राहायला नको. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, तेव्हाचा बेत सुकट-बोंबलांवर आखा.

जेवणाची वेळ मात्र भरती-ओहोटी पाहून ठरवा. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला 3, अष्टमीला 6. त्यानंतर सहा तास पाणी ओसरत जातं, आत खेचतं. त्या वेळात मुलं पाण्यात नकोत, पानावर असावीत. रोज भरती सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. उद्याचा कुकर त्याच हिशेबाने लावा.