प्लांट स्टेरॉल घेताय? मग जेवणासोबतच घ्या

प्लांट स्टेरॉलची कॅप्सूल सकाळी रिकाम्या पोटी पाण्यासोबत घेतली, तर तिचा फारसा उपयोग होत नाही. स्टेरॉल हा वनस्पतींमधला, कोलेस्टेरॉलसारखीच घडण असलेला पदार्थ. जेवणातली चरबी पचवायला पित्त आतड्यात उतरतं तेव्हा स्टेरॉल तिथं हजर असेल, तर ते कोलेस्टेरॉलची जागा अडवतं. मग बरंचसं कोलेस्टेरॉल रक्तात न शिरता शौचावाटे निघून जातं.

सुरुवात लिपिड प्रोफाइल या कोलेस्टेरॉलच्या रक्ततपासणीने करा आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. हृदयविकार किंवा मधुमेह असेल तर कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळीची जागा स्टेरॉल घेऊ शकत नाही, म्हणून चालू गोळी परस्पर बंद करू नका. स्टॅटिनच्या जोडीला स्टेरॉल चालतं. एझेटिमाइब घेत असाल तर आधी विचारा, कारण ते औषधही कोलेस्टेरॉलचं आतड्यातलं शोषणच रोखतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हे टाळावं. सिटोस्टेरोलेमिया हा दुर्मीळ आनुवंशिक आजार असलेल्यांनी तर मुळीच घेऊ नये.

आता लेबल, आणि इथं घाई नको. दिवसाला साधारण २ ग्रॅम स्टेरॉल लागतं. पण डबीवर ‘स्टेरॉल एस्टर’ (म्हणजे चरबीतल्या आम्लाशी जोडलेलं स्टेरॉल) लिहिलं असेल, तर १ ग्रॅम स्टेरॉलसाठी सुमारे १.६ ते १.७ ग्रॅम एस्टर लागतं. म्हणजे दिवसाला जवळपास ३.३ ग्रॅम. एका कॅप्सूलमध्ये ४०० मिलिग्रॅम स्टेरॉल असेल तर दिवसाला पाच कॅप्सूल झाल्या. महिन्याचा खर्च हा हिशेब करूनच ठरवा. एकच कॅप्सूल घेऊन समाधान मानण्यात अर्थ नाही, आणि ३ ग्रॅमच्या पुढे जाऊन फारसा जास्त फायदाही नाही.

मात्रा दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणात वाटून घ्या. आपल्याकडे गोव्यात दुपारचं शीत-हुमण (भात आणि माशाची आमटी) हेच मुख्य जेवण, त्यामुळे मोठा वाटा तेव्हाच. सकाळच्या चहा-पावावर मात्रा उरकू नका.

नारळ सोडा असं गोव्यात कुणाला सांगणं मला पटत नाही. पण खोबऱ्यातली संपृक्त चरबी एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढवते; चोरिसातली, म्हणजे गोव्याच्या सॉसेजमधली, डुकराची चरबीही तेच करते. वाटणात खोबरं कमी घाला, चोरिस क्वचितच खा. हे न करता नुसत्या कॅप्सूलवर भिस्त ठेवलीत तर हाती थोडंच लागेल.

स्टेरॉलमुळे रक्तातलं बीटा-कॅरोटीन थोडं घटतं. त्यासाठी तांबडी भाजी, लाल भोपळा, पपई नेमाने खा.

परिणाम दोन-तीन आठवड्यांत दिसू लागतो. तरी सहा ते आठ आठवडे थांबा आणि त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासा. एलडीएल ८ ते १० टक्के उतरतं: १५० असेल तर १३५च्या आसपास. मात्र स्टेरॉलमुळे हार्ट अटॅक टळतात हे अजून थेट सिद्ध झालेलं नाही. घेणं थांबवलं की आकडा पुन्हा चढतो. नियमित घेऊनही रिपोर्ट हललाच नाही, तर डॉक्टरांशी बोलून बंद करा.